घोड्यासकट ऑर्गन

ग्रेमचं निधन यंदा मार्च महिन्यात, एका मंगळवारी सकाळी झालं. वय अठ्ठ्याहत्तर. मेलबर्नच्या डँडेनॉन्ग उपनगरातल्या एका विटांच्या चर्चमध्ये तो ऑर्गन वाजवायचा आणि तिथल्या क्वायरचा, म्हणजे गायकवृंदाचा, संचालक होता. त्या संध्याकाळी क्वायरचा नेहमीचा सराव होता. तो रद्द झाला नाही. शोकसभा पुढच्या आठवड्यातल्या रविवारी दुपारी ठरली.

मेलबर्नच्या एका कम्युनिटी रेडिओ स्टेशनवर मी ध्वनिमुद्रक आहे. त्याआधी पुण्यात बातम्यांच्या डेस्कवर होतो. ग्रेमच्या क्वायरची बहुतेक सगळी ध्वनिमुद्रणं माझ्या हातून झाली. त्यातल्या आवडत्या तिनांबद्दल हा लेख आहे. ग्रेमचा उल्लेख एकेरी आहे, कारण पहिल्या भेटीत मी त्याला 'मिस्टर' म्हटलं तेव्हा त्याने मागे वळून पाहिलं होतं, आपले वडील आले की काय म्हणून.

ऑर्गन म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे संगीत नाटकातला ऑर्गन येतो: रंगमंचाच्या पुढ्यात ठेवलेला, पायाने भाता मारून वाजवायचा. चर्चमधला ऑर्गन त्याच घराण्यातला, पण आकाराने घराएवढा. भिंतभर उभ्या धातूच्या आणि लाकडाच्या नळ्या, काही पेन्सिलीएवढ्या, काही दोन माणसं एकावर एक उभी राहतील इतक्या उंच. वाजवणारा दोन हातांनी पट्ट्या आणि दोन पायांनी खालच्या लाकडी पट्ट्या दाबतो. नळ्या त्याच्यापासून लांब असतात, त्यामुळे बोट पडल्यावर क्षणभराने आवाज येतो. आणि तो गाणाऱ्यांकडे पाठ करून बसतो. ग्रेमने पट्ट्यांच्या वर मोटारीचा आरसा बसवून घेतला होता. क्वायर त्याला त्यात दिसायचा आणि क्वायरला त्याचे डोळे. दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळे तो डोक्याने आणि श्वासाने संचालन करायचा. कडवं सुरू होण्याआधी डोकं वर जायचं, नाकाने एक मोठा, आवाज होणारा श्वास घेतला जायचा आणि डोकं खाली आलं की सगळे एकदम गाऊ लागायचे. आपल्याकडे तबलजी मान डोलावून सम दाखवतो, त्याच्या जवळपास जाणारा हा प्रकार.

क्वायरमध्ये जुने ऑस्ट्रेलियन होते, श्रीलंकेचे होते, दक्षिण सुदानचे होते आणि एक मराठी बाई होत्या. सुनीता गायकवाड, मूळच्या नाशिकच्या. वृद्धाश्रमात नर्स आहेत, राहतात क्रेगीबर्नला, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. नाशिकच्या चर्चमध्ये लहानपणापासून गात आलेल्या. ग्रेमच्या गैरहजेरीत सराव त्याच घ्यायच्या.

सराव संपला की दर वेळी एकच संध्यागीत व्हायचं. त्याचा शेवटचा सूर भिंतींतून पूर्ण विरेपर्यंत कुणी हलायचं नाही. मग ग्रेम म्हणायचा, "राइट. चेअर्स." चर्चमधली जुनी बाकं कधीच काढलेली होती, प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे मुलांचा वर्ग भरायचा. म्हणून सगळ्यांनी खुर्च्या एकात एक रचून भिंतीला लावायच्या. ग्रेम स्वतः दोन्ही काखांत दोन-दोन घेऊन जायचा. या कामातून मंत्री आला असता तरी सुटला नसता.

पहिलं ध्वनिमुद्रण ट्रकचं आहे.

चर्चच्या मागे गोदामं आहेत. शनिवारी दुपारी ती बंद असतात, म्हणून वेळ शनिवारची घेतली होती. माइक लागले, पंखे बंद केले, दारावर पाटी लागली. क्वायरने सुरुवात केली आणि मागच्या गोदामात एक ट्रक उलटा यायला लागला. पीं, पीं, पीं. थांबलो. ट्रकही थांबला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा पीं पीं. ट्रेव्हर नावाचा एक निवृत्त ट्रामचालक खर्जात गायचा. तो बाहेर जाऊन बोलून आला.

"काय म्हणतो?" ग्रेमने आरशातून विचारलं.

"म्हणतो, नो वरीज मेट, अजून तासभरच आहे."

घड्याळाप्रमाणे आमच्याकडेही तेवढाच वेळ होता. नंतर तिथे एक लग्न होतं. मी वायर गुंडाळायला घेतली. ध्वनिमुद्रकाच्या कामात हरलो हे लवकर ओळखता यावं लागतं. ग्रेमने हात वर करून मला थांबवलं, डोकं तिरकं करून ऐकलं आणि ऑर्गनवर एक पट्टी दाबली. पीं आणि पट्टी तंतोतंत जुळले. आपल्या भाषेत काळी दोन. गाणं होतं पांढरी दोनमध्ये.

"ट्रक खाली येणार नाही," ग्रेम म्हणाला. "आपण वर जाऊ."

"कागदावर तर खालचे सूर आहेत," मागून कुणीतरी म्हणालं.

"कागद माझ्यासमोर आहे. तुम्ही फक्त गा."

नोटेशन एका सुरात लिहिलेलं आणि वाजवायचं दुसऱ्यात, दोन्ही हात आणि दोन्ही पाय, सरावाशिवाय. हार्मोनियमवर पट्टी बदलणाऱ्याला याची कल्पना येईल; तिथे पाय मोकळे असतात एवढाच फरक. ग्रेमने ते केलं. ट्रक मध्येच यायचा, जायचा, पण आता तो षड्जावर होता. शेवटच्या ओळीला तो बरोबर आला आणि सूर विरण्याआधी बंद झाला. सुनीताताईंनी नंतर हेडफोन लावून ऐकलं. म्हणाल्या, "अरे मंदार, हा तर तानपुरा निघाला." प्रसारणानंतर एका श्रोत्याचा फोन आला. शेवटी घंटा कुठली वापरली, असं त्याने विचारलं.

दुसरं ध्वनिमुद्रण जानेवारीतलं, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्यातलं. उत्तरेकडून वाळवंटाचा वारा सुटला होता आणि पारा चाळिशीच्या वर गेला होता. चर्चमध्ये एसी नाही. पंख्यांचा आवाज माइकमध्ये येतो, म्हणून तेही बंद. प्रश्न सोयीचा नव्हता, सुराचा होता. हवा तापली की नळ्यांचा सूर चढतो. गाणाऱ्यांचं उलट: दमले की सूर उतरतो. त्या दिवशीच्या गाण्यात आधी ऑर्गन होता, मग मधला मोठा भाग क्वायरने एकट्याने गायचा होता आणि शेवटी ऑर्गन पुन्हा येणार होता. क्वायर मधल्या भागात केसभर जरी उतरला असता तर ऑर्गन परत आल्यावर दोघांमधलं अंतर सगळ्यांना ऐकू गेलं असतं. संपादनात ते दुरुस्त होत नाही.

दोनदा तसंच झालं. ऑर्गन आला की क्वायर उतरलेला. ट्रेव्हर म्हणाला, "आपण बरोबर आहोत. ऑर्गनला ताप आलाय."

ग्रेमने सगळ्यांना बूट-मोजे काढायला लावले. चर्चची फरशी काळ्या दगडाची आहे, तेवढीच थंड होती. "आता पायांनी ऐका," एवढंच तो म्हणाला. मला वाटलं, उन्हाचा परिणाम. तिसऱ्यांदा सुरुवात झाली. मधला भाग आला. हेडफोनमध्ये प्रत्येकाचा श्वास वेगळा ऐकू येत होता. वरच्या सुरावर स्त्रियांचे आवाज थरथरले आणि टिकले. आणि त्याच वेळी दक्षिणेचा वारा आला.

मेलबर्नबाहेरच्या वाचकांसाठी: इथे उन्हाळ्यात वारा दिशा बदलतो आणि काही मिनिटांत हवा निवते. त्याची वर्दी दारं-खिडक्या देतात. मागचं दार धाडकन आपटलं, मग वरच्या खिडक्या एकामागून एक. कागद उडाले. सुनीताताईंनी आपला पायाखाली धरला. कुणी थांबलं नाही. ग्रेमचं डोकं वर गेलं, नाकातून तो प्रचंड श्वास, आणि दोन्ही हात पट्ट्यांवर पडले. ऑर्गन आणि क्वायर एक झाले. फट नव्हती. मी जागेवर उठून उभा राहिलो होतो, हे नंतर हेडफोनची वायर निघाल्यावर कळलं. शेवटचा सूर विरायच्या आत ग्रेम हसायला लागला. त्याच्या नियमाविरुद्ध त्याने स्वतःच शेपूट कापलं. विरत जाणाऱ्या आवाजाला आम्ही शेपूट म्हणतो. दाराचा आवाज आणि ते हसणं दोन्ही तसंच ठेवून प्रसारण झालं.

तिसरं ध्वनिमुद्रण प्रसारणासाठी नव्हतंच. क्वायरमधल्या निम्म्या लोकांच्या शिफ्ट असायच्या. कुणी गोदामात, कुणी हॉस्पिटलात. मंगळवारी येता आलं नाही तर घरी किंवा गाडीत सराव करता यावा म्हणून ग्रेम नुसता ऑर्गन वाजवून देई आणि मी ते मुद्रित करून पाठवायचो. संध्यागीताचाही असा एक ट्रॅक केला. एका दुपारी चर्चमध्ये तो आणि मी, दोघंच होतो. माइक त्याच्या डोक्याजवळ होता.

पुढच्या मंगळवारी ट्रेव्हर सगळ्यांसमोर म्हणाला, "ग्रेम, तुझा ट्रॅक गाडीत लावला तर बायको विचारते, मागच्या सीटवर घोडा कुणी बसवला?"

तो ग्रेमच्या श्वासाबद्दल बोलत होता. प्रत्येक कडव्याआधी ऑर्गनच्या वर तो फुरफुराट ऐकू येत होता. सगळ्यांत मोठ्याने ग्रेम हसला. मग मला म्हणाला, "घोडा काढ रे." बातम्यांत बोलणाऱ्याचे श्वास कापणं हे रोजचं काम असल्यामुळे अर्ध्या तासात घोडा निघाला. स्वच्छ ट्रॅक सगळ्यांकडे गेला. मूळ मुद्रण पुसायचं नाही ही डेस्कवरची सवय, म्हणून मूळ फाइल 'घोड्यासकट' या नावाने ठेवून दिली.

ग्रेम गेला त्या वेळी ऑर्गन चर्चमध्ये नव्हता. भात्यांचं चामडं फाटलं होतं, म्हणून कारागिरांनी नळ्या उतरवून वर्कशॉपला नेल्या होत्या. भिंतीवर नुसत्या लाकडी चौकटी राहिल्या होत्या. शोकसभेला संध्यागीत होणार हे ठरलेलं, पण कशावर? कीबोर्ड आणू, असं कुणी म्हणालं. ग्रेमची बायको जोन सरावाला येऊन बसली होती. ती शांतपणे म्हणाली, "त्याच्या जागी दुसरं कुणी वाजवलेलं त्याला चालणार नाही. त्यानेच वाजवायला हवं."

मग सुनीताताई म्हणाल्या, "ट्रॅक आहे की."

शोकसभेच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, मी दोन मोठे स्पीकर बरोबर नळ्यांच्या जागी लावले. आवाज जिथून यायचा तिथूनच यावा म्हणून. पहिली ओळ वाजली आणि बायका डोळे पुसायला लागल्या. पहिलं कडवं ठीक गेलं. दुसऱ्याला निम्मे लोक आधी सुरू झाले, निम्मे नंतर. पुन्हा केलं. तिसऱ्या कडव्याला गोंधळ. पुन्हा. सुनीताताई पुढे उभ्या राहून हात दाखवू लागल्या. त्याही चुकल्या. कारण साधं होतं. ग्रेम दोन कडव्यांमधली जागा मोजून सोडत नसे. क्वायर किती दमलाय ते आरशात बघून कधी लांबवी, कधी आखडती घेई. ट्रॅकवर त्या जागा त्याच्या मनाप्रमाणे होत्या आणि त्या कधी संपणार हे सांगायला आरसा नव्हता. घरी एकट्याने गाताना हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"बसच्या मागे गाडी चालवतोय," ट्रेव्हर म्हणाला, "आणि बसचे इंडिकेटर गेलेत."

"मी त्या जागा सारख्या करून देऊ शकतो," मी म्हणालो. कापून, मोजून. तांत्रिकदृष्ट्या सोपं होतं.

"मग ते त्याचं वाजवणं राहील का?" सुनीताताईंनी विचारलं. मराठीत विचारलं, त्यामुळे उत्तर एकट्या मलाच द्यायचं होतं. मी लॅपटॉप मिटला.

सगळे खुर्च्यांवर बसले. कीबोर्डचा विषय परत निघाला. जोन म्हणाली, "ठीक आहे, कीबोर्ड आणा." ती पर्स उघडून बंद करत होती. ट्रेव्हर मान खाली घालून बसला होता. तो तसाच म्हणाला, "घोडा असता तर कळलं असतं."

मी त्याच्याकडे पाहिलं. सुनीताताईंनी माझ्याकडे पाहिलं. "आहे ना रे?" त्या म्हणाल्या. "तू काही टाकत नाहीस. आहे ना?"

असायला हवा होता. आमचं स्टेशन मध्यंतरी दुसऱ्या इमारतीत गेलं होतं आणि जुन्या हार्ड डिस्क खोक्यांत भरून तळघरात पडल्या होत्या. डँडेनॉन्गहून स्टेशनपर्यंत फ्रीवेने जावं लागतं. सुनीताताई बरोबर आल्या. एक जण गाडी चालवेल आणि एक जण प्रार्थना करेल, असं त्यांनीच वाटप केलं.

"सापडलं नाही तर?" मी विचारलं.

"तू समोर बघ. प्रार्थना माझ्याकडे आहे."

पहिल्या खोक्यात निवडणुकांच्या मुलाखती निघाल्या. दुसऱ्यातली डिस्क लावली तर नुसती टिकटिकली, उघडली नाही. सुनीताताईंनी तिला दोन चापट्या मारल्या, आमच्या लहानपणी टीव्हीला मारायचे तशा. तरी उघडली नाही. तिसऱ्या खोक्यात ट्रक सापडला, दक्षिणेचा वारा सापडला, आणि त्यांच्या खाली देवनागरीत लिहिलेलं एकच नाव: घोड्यासकट. इंग्रजी नावांच्या त्या यादीत ते लांबूनही ओळखू आलं असतं. तिथेच लॅपटॉपवर पहिला श्वास ऐकला. सुनीताताईंनी माझ्या पाठीत एक धपाटा घातला आणि म्हणाल्या, "चल, चल, चल."

परत आलो तेव्हा कुणीही घरी गेलेलं नव्हतं. चहाचे कप खुर्च्यांखाली होते. फाइल लावली. स्पीकरमधून आधी ऑर्गनपुढच्या लाकडी बाकाची करकर आली, मग तो श्वास, चर्चभर. जोनच्या हातातली पर्स खाली पडली. ती हसत होती. क्वायरने एकदम श्वास घेतला आणि एकदम सुरुवात केली. दुसऱ्या कडव्याआधी ग्रेमने जागा लांबवली होती. सगळे थांबले. श्वास आला, सगळे शिरले. तिसऱ्याआधी आखडती घेतली होती, तरी कुणी चुकलं नाही. सुनीताताईंनी हात खाली घेतले आणि जाऊन आपल्या जागी ओळीत उभ्या राहिल्या. आता पुढे कुणाची गरज नव्हती. पहिल्या तीन कडव्यांच्या सुरुवाती दोनदा करून पाहिल्या आणि चर्चमधली आमची वेळ संपली. शेवटचं कडवं वाजवून बघायला सवड झाली नाही.

रविवारी चर्च भरलं. मागे लोक उभे होते. भाषणं झाली. संध्यागीताची वेळ आली तेव्हा क्वायर उभा राहिला आणि पुढे संचालक नाही हे पाहून लोकांत कुजबुज झाली. मी स्पीकरचा आवाज उघडला. बाकाची करकर. श्वास. मागे कुणीतरी दचकलं. क्वायर गाऊ लागला.

दुसऱ्या कडव्याला पहिल्या रांगेतली काही माणसं त्या श्वासाबरोबर श्वास घेताना दिसली. तिसऱ्याला निम्मं चर्च. ज्यांना गाणं येत नव्हतं तेही त्या क्षणी छाती भरून घेत होते. शेवटच्या कडव्याआधीची जागा सर्वांत लांब होती. ती संपेना. ट्रेव्हरने डोळे मिटून घेतले होते. फाइल अडकली असं मला वाटलं आणि हात बटणाकडे गेला. तेवढ्यात श्वास आला, सगळ्या चर्चने घेतला, आणि एवढा मोठा आवाज उठला की मला मीटर बघायचं भान राहिलं नाही.

शेवटचा सूर लागला. तो ऑर्गनचा होता आणि माणसांचाही. कुठला कुणाचा हे सांगता येत नव्हतं. शेपूट कापायचं नाही म्हणून मी आवाज उघडाच ठेवला. सूर भिंतींतून पूर्ण विरला. कुणी हललं नाही. फाइल चालूच होती. खालच्या पट्ट्यांवरून बूट उचलल्याचा आवाज आला, बाक करकरलं आणि स्पीकरमधून ग्रेम म्हणाला, "राइट. चेअर्स."

त्या दुपारी त्याने ते मला म्हटलं होतं. चर्चमध्ये दोनच खुर्च्या मांडलेल्या होत्या, एक माझी आणि एक मशीनची.

पहिला ट्रेव्हर हलला. त्याने आपल्यामागची खुर्ची उचलली आणि शेजारच्या खुर्चीवर रचली. मग क्वायर हलला. मग जोन उठली, तिने स्वतःची खुर्ची उचलली, आणि मग सगळेच खुर्च्या रचू लागले. कोटातली माणसं, साड्यांतल्या बायका, मागे उभे असलेले लोकसुद्धा. चहा व्हायचा होता, समारोप व्हायचा होता. ते उभ्यानेच झाले. सगळ्या खुर्च्या भिंतीला लागल्या.

ऑर्गन अजून वर्कशॉपमध्ये आहे. मंगळवारचा सराव सुनीताताई घेतात.